‘नॉर्मल’ आणि ‘कंट्रोल’

निगडी प्राधिकरणातल्या एखाद्या उद्यानात सकाळी सातच्या सुमारास बाकावर थोडा वेळ बसून पाहा. फेऱ्या आटोपून विसावलेल्या निवृत्त मंडळींचे बोलणे गुडघ्यांवरून हमखास रक्ततपासणीवर येते. एकजण सांगतो, ‘आपली शुगर आता नॉर्मल आली. गोळ्या बंद केल्या.’ दुसरा काहीशा खिन्नतेने म्हणतो, ‘अहो, तुमचे बरे आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, कंट्रोलमध्ये आहे, पण गोळी चालू ठेवा.’ त्यावर पहिला त्याला धीर देतो, ‘येईल हो, तुमचीही येईल नॉर्मल.’

या दोघांचे कागद शेजारी ठेवले, तर दोन्हींवर एकच आकडा असणे अगदी शक्य आहे. उपाशीपोटीची साखर दोघांचीही ९८. एकाने तिला ‘नॉर्मल’ म्हटले आणि औषध सोडले. दुसऱ्याने ‘कंट्रोल’ म्हटले आणि औषध घेतले. सहा महिन्यांनी मात्र त्या दोघांचे आकडे एक राहणार नाहीत. ज्याची कीव केली गेली तोच सुरक्षित असेल आणि ज्याने धीर दिला त्याच्या डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा गुपचूप झिजू लागलेल्या असतील.

हे दोन्ही शब्द इंग्रजी असले, तरी आता आपल्या घरचेच झाले आहेत. हॉटेलात बसल्यावर ‘पाणी थंड की नॉर्मल?’ असे विचारतात. सुनेची प्रसूती ‘नॉर्मल’ झाली की पेढे वाटले जातात. ‘कंट्रोल’ तर आपल्या पिढीला त्याहून जुना. कंट्रोलचे दुकान, कंट्रोलचे धान्य, कंट्रोलचे रॉकेल या शब्दांवर आपले बालपण गेले. शब्द इतके ओळखीचे झाले की त्यांचे अर्थ तपासून घ्यावेत असे वाटेनासे होते. दवाखान्यात मात्र या दोघांची अदलाबदल महागात पडते.

गुण्या आणि दुसरी वही

‘नॉर्मल’चे मूळ लॅटिनमधल्या ‘नॉर्मा’ या शब्दात आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे साधन. आपल्यापैकी ज्यांनी आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतले, त्यांना ट्राय स्क्वेअर आठवत असेल. कानशीने घासलेला जॉब त्याला लावायचा, उजेडासमोर धरायचा आणि फटीतून प्रकाश येतो का ते पाहायचे. ‘नॉर्मल’ म्हणजे मूळ अर्थाने गुण्याला बरोबर लागणारे. भूमितीत आजही लंब रेषेला इंग्रजीत ‘नॉर्मल’ म्हणतात. ‘नेहमीसारखे, चारचौघांसारखे’ हा अर्थ बऱ्याच नंतरचा, एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला.

‘कंट्रोल’ची कथा अधिक रंजक आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘काँत्रारोटुलुस’ म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. एक कारकून जमाखर्च लिहीत असे आणि दुसरा त्याच नोंदी वेगळ्या गुंडाळीवर उतरवत असे; दोन्ही जुळतात का ते पाहिले जाई. फ्रेंचमार्गे हाच शब्द इंग्रजीत आला. म्हणजे ‘कंट्रोल’चा गाभा सत्ता गाजवण्यात नसून सतत पडताळून पाहण्यात आहे. रेशनकार्डावर दर महिन्याला होणारी नोंद आठवली, तर आपले कंट्रोलचे दुकान या मूळ अर्थाला किती धरून होते ते ध्यानात येईल.

आता फरक पाहा. गुण्या लावला, जॉब बरोबर निघाला, की काम संपले. जॉब मांडणीवर ठेवला की तो आपोआप वाकडा होत नाही. दुसरी वही मात्र कधीच संपत नाही. व्यवहार चालू आहे तोवर ती लिहावीच लागते. रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता यांचा बहुतेकांच्या बाबतीतला स्वभाव या दुसऱ्या वहीचा आहे. आपण मात्र त्यांचा निकाल गुण्यावर लावू पाहतो.

पिंपरीच्या टाक्यांमधले तापमान

याचे उत्तम उदाहरण आपल्या गावातच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि तेथे पेनिसिलिन बनू लागले. पिंपरीची औद्योगिक ओळख घडवणाऱ्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. पेनिसिलिन तयार होते ते बुरशीपासून. मोठाल्या टाक्यांत पोषक द्रव भरून त्यात बुरशी वाढवली जाते, हवा सोडली जाते, द्रव घुसळला जातो. वाढणारी बुरशी स्वतःच उष्णता निर्माण करते. द्रवाचे तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास राखावे लागते, म्हणून टाकीला थंड पाण्याचा पुरवठा अखंड चालू ठेवावा लागतो.

आता समजा, पाळीवर नवीन आलेल्या कामगाराने मापकावर २५ हा आकडा पाहिला आणि ‘तापमान तर नॉर्मल आहे, मग पाणी कशाला वाया घालवायचे?’ असे म्हणून झडप बंद केली, तर काय होईल? पहिल्या क्षणी काहीच होणार नाही. आकडा तोच दिसेल. मग हळूहळू चढेल आणि त्या टाकीतला सगळा माल हातचा जाईल. तापमान योग्य होते ते पाणी चालू होते म्हणूनच.

गोळी चालू असताना रक्तदाब १२८/७८ येतो तेव्हा हेच घडत असते. मापकावरचा आकडा आपल्या शरीराचा एकट्याचा नसतो. तो शरीर आणि गोळी यांचा मिळून असतो. रक्तवाहिन्यांचा कडकपणा, मूत्रपिंडांची मीठ धरून ठेवण्याची सवय या आतल्या गोष्टी तशाच असतात.

यात एक फसवा टप्पा असतो, त्याकडे घरातल्या सर्वांनी लक्ष द्यावे. अम्लोडिपिन ही रक्तदाबाची फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी गोळी शरीरातून सावकाश बाहेर पडते. ती थांबवल्यावर तिचा परिणाम ओसरायला काही दिवस लागतात. थायरॉक्सिनचा प्रभाव तर काही आठवडे रेंगाळतो. त्यामुळे ‘आठ दिवस गोळी घेतली नाही, तरी काही झाले नाही’ हा अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. याउलट क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर गटातली औषधे एकदम बंद केली तर रक्तदाब किंवा नाडी उसळी घेऊ शकते, छातीत दुखू शकते. कोणती गोळी कोणत्या स्वभावाची, हे पाकिटावरून कळत नाही.

मराठीत या अवस्थेसाठी एक नेमका शब्द आहे: आटोक्यात. कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांना लागलेल्या आगींच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ‘आग आटोक्यात आली’ असे छापून येते तेव्हा ती विझली, असा अर्थ आपल्यापैकी कोणीही घेत नाही. अग्निशमन दलाचे बंब तेथेच उभे असतात, पाण्याचा मारा चालू असतो. डॉक्टरांनी ‘कंट्रोलमध्ये आहे’ म्हटले की मनातल्या मनात ‘आटोक्यात आहे’ असे भाषांतर करावे. केंद्र व राज्य सरकारांनी २०१७ मध्ये हाती घेतलेल्या रक्तदाबविषयक उपक्रमाच्या इंग्रजी नावातही ‘कंट्रोल’ हाच शब्द आहे आणि पहिल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्र होता. त्या उपक्रमाचा भर पाहिला, तर तोही दुसऱ्या वहीवरच आहे: प्रत्येक रुग्णाची नोंद, ठरावीक काळाने मोजणी आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा.

कागदावरचा ‘नॉर्मल’ कुठून येतो?

प्रयोगशाळेच्या अहवालात आपला आकडा एका रकान्यात असतो आणि शेजारच्या रकान्यात ‘नॉर्मल रेंज’ किंवा ‘बायोलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल’ असे लिहिलेले असते. ही मर्यादा बहुधा निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून ठरवलेली असते. सर्वांचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे थोडे वगळून मधले ९५ टक्के धरायचे. याचा सरळ अर्थ असा, की धडधाकट माणसांपैकीही ५ टक्के या मर्यादेबाहेर पडतात. वीस तपासण्यांचे ‘फुल बॉडी’ पॅकेज केले आणि एखाद्या आकड्यापुढे तारका आली, तर लगेच रात्रीची झोप उडवून घेण्याचे कारण नाही. (अशी पॅकेजेस वाढदिवसाची भेट म्हणून आईवडिलांना देण्याची नवी प्रथा पडली आहे. भेटीबरोबर कागद समजावून सांगणारा माणूसही द्यावा, असे मला वाटते.)

उलट, मर्यादेच्या आत असलेला आकडाही दिलासा देईलच असे नाही. क्रिएटिनिन हे त्याचे ठळक उदाहरण. हा पदार्थ स्नायूंतून तयार होतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. पंच्याऐंशी वर्षांच्या, अंगावर मांस न राहिलेल्या आजींच्या शरीरात तो मुळातच कमी तयार होतो. त्यामुळे मूत्रपिंडे बरीच थकलेली असूनही त्यांचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसू शकते. म्हणून डॉक्टर वय आणि लिंग लक्षात घेऊन ‘ईजीएफआर’ हा आकडा काढतात आणि औषधांची मात्रा त्यावरून ठरवतात. आजींना गुडघेदुखीवर दुकानातून वेदनाशामक गोळी आणून देण्यापूर्वी हा आकडा ठाऊक असायला हवा.

आणि काही वेळा तर ‘नॉर्मल’ असणे हेच धोक्याचे असते. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या अनेक रुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम दिले जाते. त्यांची ‘आयएनआर’ ही तपासणी होते. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. या रुग्णांत मात्र तो बहुधा २ ते ३ दरम्यान राखायचा असतो. काही झडपांसाठी त्याहूनही थोडा वर. अहवालात २.६ हा आकडा ठळक अक्षरांत, ‘हाय’ अशा शेऱ्यासह येतो. घरच्यांच्या छातीत धस्स होते. प्रत्यक्षात तो आकडा अगदी हवा तसा आहे. याच माणसाचा आकडा १.१ आला, अहवालात एकही तारका नसली, तर मात्र झडपेवर गुठळी होण्याची भीती असते. येथे ‘कंट्रोल’ म्हणजे जाणीवपूर्वक ‘नॉर्मल’च्या बाहेर राहणे.

ज्यांनी कारखान्यात क्वालिटी विभागात काम केले, त्यांना हे नवे वाटणार नाही. वॉल्टर शुहार्ट या अमेरिकी अभियंत्याने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला, तेव्हापासून ड्रॉइंगवरची मर्यादा वेगळी आणि प्रक्रियेची मर्यादा वेगळी, हे शिकवले जाते. कोणत्या भागाला किती मायक्रॉनची सूट द्यायची, हे तो भाग कुठे बसणार यावर ठरते. माणसाच्या बाबतीत ते ड्रॉइंग डॉक्टर काढतात आणि ते ज्याचे त्याचे असते.

दुसरी चूक: ‘नॉर्मल’चा हट्ट

आतापर्यंत गोळी सोडणाऱ्यांविषयी लिहिले. वृद्धांच्या घरात याच्या उलट चूकही तितकीच होते आणि ती बहुधा प्रेमापोटी होते. आबांचे एचबीए१सी ७.६ आले. मुलगा शिकलेला, तो इंटरनेटवर पाहतो, नॉर्मल ५.७ च्या खाली. मग आबांचा भात बंद, केळे बंद, सणाची पुरणपोळी बंद. डॉक्टरांकडे आग्रह, ‘डोस वाढवा, पण नॉर्मल आणा.’

सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या, सोबत हृदयविकार किंवा विसराळूपणा असलेल्या व्यक्तीसाठी डॉक्टर मुद्दामच सैल उद्दिष्ट ठेवतात. एचबीए१सी ८ च्या आसपासही पुष्कळदा चालवून घेतात. कारण या वयात साखर वाढण्यापेक्षा ती अचानक घसरणे अधिक घातक ठरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकले, की साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे म्हाताऱ्या माणसात दरवेळी दिसतातच असे नाही. कधी फक्त बोलणे असंबद्ध होते, चिडचिड होते, झोप आल्यासारखे वाटते आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. अशा वेळी साखर मोजावी. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ वर फोन करावा.

रक्तदाबाचेही तसेच. ओढूनताणून ११०वर आणलेला दाब बसलेल्या आबांना शोभतो; ते रात्री लघवीसाठी उठतात, दाब आणखी घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मांडीचे हाड मोडते. म्हणून वृद्धांचा रक्तदाब बसून मोजल्यावर, उभे राहून एक ते तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरत असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

चाकणची पाळी आणि घरची वही

आपल्या पट्ट्यातील घरांची एक अडचण वेगळी आहे. मुलगा चाकणला पहिल्या पाळीला. कंपनीची बस अंधार असतानाच चौकात येते. सूनही नोकरीला. आजोबा अहवालाचे छायाचित्र मोबाइलवर पाठवतात. मुलगा चहाच्या सुटीत घाईने नजर टाकतो, कुठेही ठळक अक्षर दिसत नाही, तो ‘सगळे नॉर्मल’ असे लिहून उंचावलेला अंगठा पाठवतो. त्याचा हेतू दिलासा देण्याचा असतो. आजोबा वाचतात तो निकाल. महिन्याच्या औषधांचे पैसे वाचले, मुलावरचा भार हलका झाला, असे त्यांना मनापासून वाटते आणि ते कोणालाही न सांगता गोळी थांबवतात. खर्च हेच कारण असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्याच घटकाची स्वस्त गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळदा मिळते. पक्षाघातानंतरच्या उपचारांचा खर्च त्या गोळ्यांच्या कित्येक वर्षांच्या खर्चाहून मोठा असतो, आणि बोळ्यासारखे एका अंगाने पडून राहण्याची किंमत पैशांत मोजताच येत नाही.

गोळ्या कधीच कमी होत नाहीत, असेही नाही. वजन बरेच उतरले, मीठ कमी झाले, उतारवयात दाब आपणहून खाली आला, तर डॉक्टर मात्रा कमी करतात. काहींच्या बाबतीत मधुमेहाचे औषध थांबतेही. पण ते थांबवल्यावर ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजले जाते. औषधाविना आकडा काही महिने टिकला, तरच त्याला ‘नॉर्मल’कडे सरकला असे म्हणता येते, आणि तरीही वही चालू राहते.

ती वही घरीच ठेवता येते. साधी शंभर पानी चालेल. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणे टाळावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीवर घेऊन पाच मिनिटे शांत बसावे. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा धरतात, दवाखान्यात १४०/९०. कारण डॉक्टरांसमोर अनेकांचा दाब थोडा चढतोच. एखादा आकडा वर गेला म्हणून घाबरू नये, एखादा खाली आला म्हणून हुरळू नये. आठवडाभराची ओळ पाहावी. अर्थात दाब १८०च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले, तर आठवड्याची वाट पाहायची नसते. तडक रुग्णालय गाठायचे.

वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून एकच गोष्ट लिहून घ्यावी: ‘माझ्यासाठी किती?’ दाब, साखर, आयएनआर, जे लागू असेल त्याचे आपले स्वतःचे उद्दिष्ट. आणि प्रयोगशाळेतून आलेला प्रत्येक कागद फाइलला लावण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर पेनाने दोन ओळी लिहाव्यात. त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या, आणि सकाळची गोळी घेऊन रक्त दिले की न घेता. चाकणला चहाच्या सुटीत तो कागद पाहणाऱ्या मुलालाही मग केवळ आकडा दिसणार नाही. आकड्याच्या डोक्यावर लिहिलेली गोळीही दिसेल.